पोट फुगतंय, पाळीही चुकतेय

(सामुदायिक रेडिओवरचं हे बोलणं बऱ्याच गटांतल्या मैत्रिणींनी लिहून मागितलं. म्हणून जसं बोललो तसंच इथे देत आहोत.)

हातातलं काम चालू ठेवा, भाजी निवडायची असेल तर निवडा, पण कान इकडे द्या. आज पोटाबद्दल बोलायचंय.

मागे आमच्या गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली आणि चहा आला. चाळिशी ओलांडलेल्या सात जणी बसल्या होत्या, त्यातल्या चौघींनी कप मागे सारला. एक म्हणाली, पोट डब्ब झालंय. दुसरी म्हणाली, छातीत जळतंय. तिसरीला चार दिवस नीट परसाकडे झालं नव्हतं. चौथी काहीच बोलली नाही, नुसता पदर पोटावर ओढून घेतला. मग एका काकूंनी सहज विचारलं, "पाळी येते का गं नीट?" तेव्हा कळलं की चौघींचीही पाळी मागेपुढे होत होती. कुणाची दोन महिन्यांनी, कुणाची पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा. पोट आणि पाळी यांचा काही संबंध असेल हे आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. म्हणून आम्ही गावातल्या आयुर्वेदाच्या डॉक्टरीणबाईंना आणि आरोग्य केंद्रातल्या ताईंना विचारून घेतलं, आणि जे समजलं ते तुम्हाला सांगतोय.

पाळी एका दिवसात जात नाही. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. आपल्याकडे हे साधारण 46-47 च्या आसपास होतं, कुणाचं अलीकडे, कुणाचं पलीकडे. पण त्याआधी काही वर्षं शरीराची चलबिचल चालू असते. अंडाशयातून जे रस रक्तात येतात, ज्यांना डॉक्टर हार्मोन म्हणतात, ते कधी एकदम वाढतात, कधी एकदम उतरतात. त्या रसांचं काम फक्त गर्भाशयापुरतं नसतं. आतड्यांची हालचाल, शरीरात पाणी धरून ठेवणं, झोप, मनाचा ताण, सगळ्यांवर त्यांचा हात असतो. म्हणून एखाद्या महिन्यात पोट फुगतं, दुसऱ्या महिन्यात घट्ट होतं, तिसऱ्यात जळजळ. त्यात रात्री अंगातून गरम वाफा निघून झोपमोड झाली, की दुसऱ्या दिवशी पोट हमखास बिघडतं. हे मनाचे खेळ नाहीत. "तुला काही झालेलं नाही, उगाच कुरकुर करतेस," असं घरात कुणी म्हणालं तर हे बोलणं त्यांनाही वाचून दाखवा.

आता आयुर्वेद याकडे कसा बघतो? पाळी जाणं याला जुन्या ग्रंथांनी वेगळा रोग मानलेलं नाही. सुश्रुतसंहितेत म्हटलंय की पाळी बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होते आणि शरीर पिकलं की पन्नाशीला थांबते. म्हणजे ही एक अवस्था. पण वयाबद्दल वाग्भटाच्या ग्रंथात एक हिशेब आहे, तो आम्हाला फार पटला. लहानपणी कफ जास्त, मधल्या वयात पित्त जास्त, उतारवयात वात जास्त. दिवसाचंही तसंच: सकाळी कफ, दुपारी पित्त, दिवस कलताना वात. जेवणाचंही तसंच: जेवल्याजेवल्या कफ, पचताना पित्त, पचून झाल्यावर वात. आता पंचेचाळिशीतल्या बाईचा विचार करा. तिचं पित्ताचं वय संपत आलंय आणि वाताचं वय सुरू होतंय. ती उंबऱ्यावर उभी आहे, एक पाय आत, एक बाहेर. म्हणून तिला एकाच आठवड्यात पित्ताची जळजळही होते आणि वाताचा गुबाराही धरतो.

पोटातल्या पचवणाऱ्या शक्तीला वैद्य अग्नी म्हणतात. चूलच समजा. चूल चार तऱ्हांनी जळते. एक, बेताची आणि सारखी. तो सम अग्नी, त्यावर भाकरी छान होते. दुसरी भडकलेली, भाकरी करपते, तो तीक्ष्ण अग्नी, पित्ताचा. तिसरी ओल्या लाकडांची, नुसता धूर. तो मंद अग्नी, कफाचा. आणि चौथी, जी वाऱ्यात ठेवली आहे: मध्येच भडकते, मध्येच विझते. तो विषम अग्नी, वाताचा. या वयात बहुतेकींची चूल वाऱ्यात असते. काल दोन भाकरी पचल्या, आज अर्धी पोटात दगडासारखी बसली. यावर आपण काय करतो? चूल विझली वाटली की तिखटजाळ खातो, भडकली वाटली की खायचा सोडा पितो. खरं तर वारा अडवायला पाहिजे.

वारा म्हणजे काय? आम्ही बैठकीत प्रत्येकीला विचारलं, काल तुम्ही किती वाजता जेवलात? उत्तरं ऐकून डॉक्टरीणबाई गप्पच झाल्या. पहाटे पाचला काळा चहा. आठला पुन्हा चहा, त्यात बुडवून टोस्ट. मग रानात. दुपारी दोनला डबा, तोही बांधावर बसून दहा मिनिटांत. संध्याकाळी आल्यावर चहा. आणि रात्री घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर, भांडी आवरून, साडेनऊ-दहाला उरलेली भाकरी आणि तळाचं कालवण. लगेच अंथरूण. ही दिनचर्या एकीची नव्हती, जवळजवळ सगळ्यांची होती.

आयुर्वेदात याला नावं आहेत. अवेळी किंवा कमीजास्त खाणं म्हणजे विषमाशन. आधीचं पचलेलं नसताना वर पुन्हा खाणं म्हणजे अध्यशन. वाग्भटाने असंही सांगितलंय की पोटाचे चार भाग समजा; दोन भाग अन्नाने भरा, एक पाण्याने आणि एक भाग वाऱ्यासाठी मोकळा ठेवा. आपण दिवसभर तीन भाग रिकामे ठेवतो आणि रात्री चारही भाग एकदम भरतो. वयाच्या तिशीत शरीर ते सोसतं. पंचेचाळिशीत सोसत नाही.

म्हणून पहिला उपाय चूर्ण नाही, वेळ आहे. सकाळच्या चहाआधी काहीतरी पोटात जाऊ द्या: रात्री भिजवलेल्या आठ-दहा काळ्या मनुका, नाहीतर अर्धी भाकरी, मूठभर साळीच्या लाह्या, काहीही. दुपारचं जेवण दिवसातलं मोठं जेवण करा, कारण तेव्हा चूल चांगली पेटलेली असते. रात्रीचं हलकं आणि लवकर. झोपायच्या आधी दोन तास तरी पोटाला मिळाले पाहिजेत. मऊ भात, मुगाचं वरण, वर चमचाभर तूप. दुधीची, दोडक्याची किंवा पडवळाची भाजी. जेवल्यावर शतपावली, म्हणजे अंगणात चार फेऱ्या. हे ऐकून तुम्ही हसाल, दिवसभर उभंच राहायचं आणि वर शतपावली कसली! पण जेवून लगेच आडवं होणं टाळायचं, एवढाच त्यातला मुद्दा. आडवं झालं की पोटातलं आंबट वर घशाशी येतं.

आता एक गोष्ट, जी बैठकीत कुजबुजतच निघाली. चरकसंहितेत एक अख्खा अध्याय आहे, शरीराचे वेग अडवू नयेत यावर. असे तेरा वेग सांगितलेत: लघवी, शौच, अधोवायू, ढेकर, शिंक, जांभई, भूक, तहान, झोप, अश्रू असे. हा अध्याय खेड्यातल्या बाईसाठीच लिहिला असावा असं आम्हाला वाटलं. खुरपायला गेलेली बाई आडोसा नाही म्हणून सकाळपासून लघवी अडवते. अडवायला लागू नये म्हणून पाणीच पीत नाही. घरात शौचालय असलं तरी पाणी नसतं, किंवा बाहेर पुरुषमाणसं बसलेली असतात. वायू सरला तर लोक काय म्हणतील म्हणून तोही दाबायचा. आणि अश्रूंचं तर विचारूच नका. वैद्य म्हणतात, असे वेग दाबले की वात उलटा फिरतो. आजचे डॉक्टरही सांगतात, शौचाची भावना वारंवार दाबली की मळ आत सुकत जातो, आतडं ती भावना पाठवणंच कमी करतं, आणि मग बद्धकोष्ठ, मूळव्याध. दोघांची भाषा वेगळी, पण सांगणं एकच. आम्ही आमच्या गटात ठरवलं, रानात जाताना दोन-दोघींनी जोडीने आडोशाला जायचं, आणि प्रत्येकीकडे पाण्याची बाटली पाहिजे. तुमच्या गटात याहून चांगली सोय निघाली तर आम्हाला कळवा.

आणि मिशरी. हो, त्याबद्दल बोलायलाच हवं. पाच जणींपैकी दोघींनी कबूल केलं की सकाळी मिशरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. तंबाखूने आतड्याला झटका बसतो हे खरं, पण तीच तंबाखू पोटातलं आंबट वर येऊ देते, आणि तोंडाच्या कॅन्सरचं कारणही तीच. पोट साफ होण्यासाठी कोमट पाणी आणि उकिडवं बसणं पुरतं. सवय एकदम सुटणार नाही, आठवड्याला थोडी थोडी कमी करा.

आता घरगुती औषधांकडे येऊ. इथे एक सांगून ठेवतो: एकीचं औषध दुसरीला चालेलच असं नाही. आधी आपलं दुखणं कुठल्या जातीचं आहे ते ओळखा.

पोट फुगतं, गुडगुडतं, वायू सरला की बरं वाटतं, भूक आज आहे उद्या नाही, असं असेल तर ते वाताकडे झुकलेलं. अशीला गरम, ताजं, थोडं तुपाचं खाणं मानवतं. डाळ-उसळ बंद करू नका, पण मटकी, हरभरा, वाल रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्या, शिजवताना हिंग, जिरं आणि आलं घाला. हिंग्वाष्टक चूर्ण तुम्ही ऐकलं असेल. त्यात आठ वस्तू असतात: सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरं, शहाजिरं आणि हिंग. जेवणाच्या पहिल्या घासाला पाव चमचा, तुपात कालवून घ्यायची पद्धत आहे. पण छातीत जळजळ असणारीने ते घेऊ नये, सगळ्या वस्तू उष्ण आहेत. रक्तदाब असेल तर त्यातल्या सैंधवाचाही विचार करा. सैंधव हेही मीठच आहे.

जळजळ, आंबट ढेकर, डोकं चढणं, तोंडाला कडू पाणी येणं, हे पित्ताकडचं. अशीने हिंग, मिरी, सुंठ, लसूण यांचा हात आखडता घ्यावा. तिला धण्या-जिऱ्याचं पाणी बरं: एकेक चमचा धणे, जिरं आणि बडीशेप रात्री तांब्याभर पाण्यात भिजत घालायचे, सकाळी गाळून दिवसभर घोट घोट प्यायचं. साळीच्या लाह्या, कोहळा, आवळा, दूध पचत असेल तर गार दूध. ज्येष्ठमधाचं चूर्ण जळजळीवर बरेच जण सांगतात आणि त्याने आराम पडतोही, पण ते खूप दिवस घेतलं तर रक्तदाब वाढतो. बीपीची गोळी चालू असलेल्या बाईने ज्येष्ठमधाच्या वाटेला जाऊ नये. अविपत्तिकर चूर्णात जुलाबाचं औषध असतं, म्हणून तेही वैद्यांना विचारून, थोडे दिवसच.

पोट साफ होत नसेल तर सुरुवात पाण्याने आणि भाज्यांनी करा. त्यानंतर इसबगोल, पण भरपूर पाण्यासोबत. पाणी कमी पडलं तर ते उलट घट्ट बसतं. मग त्रिफळा, म्हणजे हिरडा, बेहडा, आवळा. रात्री अर्धा चमचा कोमट पाण्यातून. बाजारात "एका रात्रीत पोट साफ" म्हणून जी चूर्णं मिळतात त्यातल्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते. चार दिवस ठीक, पण महिनोन् महिने घेतली की आतड्याला सवय लागते आणि तिच्याशिवाय ते हलतच नाही. आमच्यातल्या एक मावशी अशा अकरा वर्षं अडकल्या होत्या. एरंडेलाचंही तसंच, पोटात जोरात दुखत असताना तर एरंडेल मुळीच घेऊ नका.

ताकाबद्दल दोन शब्द जास्त बोलतो, कारण ते आपल्या घरातलं आहे. वय वाढलं की काही जणींना दूध पचेनासं होतं, पिल्यावर तासाभरात पोट फुगतं. दुधातली साखर पचवणारा रस कमी पडतो म्हणून. दही लावताना ती साखर बरीचशी कमी होते, त्यामुळे अशा बाईलाही ताक मानवतं. दुपारच्या जेवणात ताजं, लोणी काढलेलं, जिरं घातलेलं ताक प्या. आंबट झालेलं शिळं ताक पित्ताच्या बाईला बाधतं. दूध बाधतं म्हणून दूध, दही, ताक सगळंच सोडलं तर मात्र वेगळं संकट. पाळी जायच्या काळात हाडं झपाट्याने विरळ होऊ लागतात. दूध नको तर ताक, नाचणी, तीळ, पालेभाजी यांतून चुना पोटात गेलाच पाहिजे.

उपवासांबद्दलही बोलायला पाहिजे, राग मानू नका. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, वर श्रावण. दिवसभर चहावर राहायचं आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे, तळलेले पापड. आयुर्वेदात लंघन सांगितलंय, पण लंघन म्हणजे पोटाला हलकं ठेवणं. साबुदाण्याने पोट हलकं होतं असं कुठलाही वैद्य सांगणार नाही. उपवास करायचाच तर भगर, ताक, राजगिऱ्याची लाही, फळ, तेही वेळेवर. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास नको.

आणखी एक चोर घरातच असतो: दुखण्याची गोळी. या वयात गुडघे आणि कंबर धरते. किराणा दुकानात सुटी गोळी मिळते, ती रिकाम्या पोटी घेऊन बाई कामाला लागते. अशा गोळ्यांनी जठराच्या आतल्या अस्तराला जखम होते. मग जळजळीवर चूर्ण घ्यायचं, पुन्हा गोळी, पुन्हा चूर्ण. आधी गोळी थांबवा. लोहाच्या लाल गोळ्यांनीही काहींना बद्धकोष्ठ होतं, पण त्या मनाने बंद करू नका. ताईंना सांगा, त्या घ्यायची वेळ बदलून देतील. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, चहाने ती अंगी लागत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय घ्यायचं ठरवलं, ती सांगतो. बैठकीत जी चौथी काही न बोलता पदर ओढून बसली होती, तिची गोष्ट. तिची परवानगी आहे, नाव सांगणार नाही. तिचं पोट सहा महिने फुगलेलं होतं. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. लघवीला सारखं जावं लागायचं. सगळे म्हणाले, पाळी जायचं वय आहे, गॅस आहे. बाजारच्या दिवशी येणाऱ्या एका विक्रेत्याकडून तिने बिनलेबलाचं चूर्ण घेतलं, चार महिने खाल्लं. हातपाय बारीक होत होते आणि साडी मात्र कमरेला पुरत नव्हती. आम्ही आठवड्यातून एकदा तिला भेटत होतो आणि आम्हीही म्हणालो, "वजन वाढलंय गं तुझं." हे आम्हाला आजही टोचतं. बैठकीनंतर ताईंनी तिला तालुक्याला सोनोग्राफीला पाठवलं. अंडाशयावर गाठ निघाली, कॅन्सरची. ऑपरेशन झालं, आता औषधं चालू आहेत. परवा ती बैठकीला आली होती, डोक्याला रुमाल बांधून. हप्ता भरला आणि म्हणाली, रेडिओवर माझं सांगा.

म्हणून हे नीट ऐका. गॅसचं फुगणं येतं-जातं. सकाळी पोट सपाट, रात्री फुगलेलं, वायू सरला की कमी. पण दोन-तीन आठवडे रोज पोट फुगलेलंच राहिलं, लवकर पोट भरू लागलं, ओटीपोटात दुखू लागलं, लघवीच्या खेपा वाढल्या, तर ते गॅस म्हणून सोडू नका, सोनोग्राफी मागून घ्या. तीस वर्षांवरच्या बायकांची तोंडाची, स्तनांची आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी सरकारी केंद्रात होते, ती जरूर करा. पण अंडाशयाच्या कॅन्सरसाठी अशी नेमाची तपासणी नाही. तिथे आपलं लक्षणच आपल्याला जागं करतं.

शौचातून रक्त, किंवा डांबरासारखा चिकट, काळा, घाण वासाचा मळ, हेही थांबायचं कारण नाही. लोहाच्या गोळीनेही मळ काळपट होतो, पण तो चिकट डांबरासारखा नसतो; शंका आली तर दाखवा. विनाकारण वजन उतरणं, रक्ताची उलटी, गिळताना अडकणं, कावीळ, चाळिशीनंतर अचानक शौचाची सवय बदलणं, या सगळ्याला चूर्ण नाही. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अगदी डागभर, तरी त्याच आठवड्यात डॉक्टर. आणि छातीत जळजळीसोबत दरदरून घाम, धाप, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अंधारी आली, तर ओव्याचं पाणी करत बसू नका, 108 ला फोन करा. बायकांना हृदयाचा झटका कित्येकदा पित्तासारखाच वाटतो. जेवल्यावर, विशेषतः तेलकट खाल्ल्यावर, उजव्या बरगडीखाली जोरात दुखत असेल तर पित्ताशयात खडे असू शकतात. सतत थकवा, अंग जड, थंडी सोसत नाही आणि बद्धकोष्ठ, तर थायरॉईडची रक्ततपासणी करा.

एक गंमत वाटेल अशी पण खरी गोष्ट: पाळी चुकली, मळमळतंय, पोट फुगलंय, तर ते दिवसही असू शकतात. पाळी पूर्ण जाईपर्यंत दिवस राहू शकतात. आशाताईंकडे तपासणीची पट्टी असते. जुलाबाचं किंवा कुठलंही कडक औषध घेण्याआधी ती करून बघा.

औषध घ्यायचं तर डबीवर परवाना क्रमांक, कारखान्याचं नाव, बनवल्याची तारीख बघा. भस्मं आणि रसाची औषधं, ज्यात धातू असतात, ती मनाने कधीच घेऊ नका. झाडपाल्याचं आहे म्हणून अपाय होत नाही, हेही खरं नाही. करोनाच्या काळात महिनोन् महिने गुळवेल घेतलेल्या काहींच्या यकृताला सूज आल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही, वाद झाला. आम्ही त्या वादात पडत नाही, पण कुठलाही काढा महिनोन् महिने घेऊ नये एवढं त्यातून घेतो. आणि डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या पुड्या, डब्या पिशवीत घालून घेऊन जा. "काही घेत नाही हो" असं म्हणू नका.

हे बोलणं लागल्यावर काही जणींनी प्रश्न पाठवले. एकीने विचारलं, ओवा रोज चघळला तर चालतो का? जेवणानंतर चिमूटभर, जळजळ नसेल तर चालतो. दुसरीने विचारलं, चहा पूर्ण सोडायचा का? नको, रिकाम्या पोटी सोडा आणि दोन कपांवर आणा. आमचाही सुटलेला नाही.

तिसरीचा प्रश्न असा होता: "लवकर जेवा म्हणता, पण मालकांच्या आणि सासऱ्यांच्या आधी मी ताट कसं घेऊ?" याचं उत्तर आमच्याकडच्या एका वहिनीने काढलंय. साडेसातला मुलं जेवतात. त्यांच्यासोबत ती स्वतःचं ताट वाढून घेते, सासूबाईंनाही बोलावते, म्हणते, "आत्या, तुम्हालाही रात्री जळजळतं, या बसा." सासूबाई पहिल्या दिवशी बसल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बसल्या. आता दोघी आधी जेवतात आणि मग पुरुषांना वाढतात. भाकऱ्या त्यांनाही गरमच मिळतात.